मॉडेलचा रिकॉल झालाय, पण 'तुमची गाडी यादीत नाही' म्हणून इंजिनची फुकट दुरुस्ती नाकारली. आता काय करावं?

इंजिन खोलायला होकार देण्याआधी नकार लेखी घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही जालन्याहून विचारलंय की तुमच्या मॉडेलचा रिकॉल (दोष सापडल्यावर कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं) जाहीर झालाय, गाडी रस्त्यातच टकटक करून बंद पडली, आणि संभाजीनगरच्या सर्विस सेंटरने काउंटरवरच सांगितलं की तुमचा चॅसी नंबर यादीत नाही, सर्विस बाहेर केल्यामुळे वॉरंटीही नाही, आणि वर मोठं एस्टिमेट हातात ठेवलं. मी अंबाजोगाईत गॅरेज चालवतो, इंजिनकाम हाच माझा मुख्य धंदा. अशा गाड्या टोचन लावून माझ्याकडे येतात तेव्हा मालकाजवळ बहुतेक वेळा एकही कागद नसतो. सगळं तोंडी झालेलं असतं. मग तक्रार करायची कशाच्या आधारावर?

तुमच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले गेलेत. गाडी रिकॉलमध्ये येते का, हा एक. इंजिनात उत्पादनाचा दोष आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही तेच होत नाही, आणि सर्विस सेंटरवाले नेमकं तसंच भासवतात.

रिकॉल मॉडेलच्या नावावर होत नाही, ठरावीक तारखांच्या दरम्यान बनलेल्या गाड्यांचा होतो. मारुतीने जुलै 2020 मध्ये फ्युएल पंपासाठी 1,34,885 वॅगनआर आणि बलेनो परत बोलावल्या. त्यातल्या वॅगनआर 15 ऑक्टोबर 2019 पर्यंत बनलेल्या होत्या. त्यानंतरच्या मालकाला तेव्हा 'तुमची गाडी नाही' हेच उत्तर मिळालं असणार. मग मार्च 2024 मध्ये फ्युएल पंपाच्या मोटरसाठी आणखी 16,041 गाड्या बोलावल्या, 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019 मध्ये बनलेल्या. म्हणजे आज यादीत नसलेली गाडी उद्या येऊ शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं ते बघा, चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाका आणि त्या पानाचा तारखेसकट फोटो ठेवा.

इंजिनाच्या बाबतीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ह्युंदाईने सप्टेंबर 2015 मध्ये तिथल्या सुमारे 4,70,000 सोनाटा परत बोलावल्या. कारखान्यात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा, मशीनवर घडवताना धातूचा कीस ऑइलच्या वाटेत राहिला होता. ऑइल अडलं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडलं, आधी टकटक आणि मग चालत्या रस्त्यात इंजिन सीझ, म्हणजे जाम. 2017 मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे 12 लाख गाड्यांपर्यंत तो रिकॉल गेला. कंपनीतल्याच एका इंजिनिअरने माहिती बाहेर आणली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा विभागाने त्याला 2 कोटी 40 लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. त्या प्रकरणातही ऑइल बदलल्याचे कागद नाहीत म्हणून मालकांना परत पाठवलं गेलं होतं. तुम्हाला आज जे ऐकवलं जातंय त्यात नवीन काही नाही.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू आहेत. सुरक्षेला धोका असलेल्या दोषाच्या पुरेशा तक्रारी आल्या तर केंद्र सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं, कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार सरकारच्या 'वाहन' पोर्टलच्या रिकॉल विभागात नोंदवता येते. एकट्या तक्रारीने उद्या इंजिन मिळणार नाही, हे खरं. पण मोजणी तक्रारींचीच होते, आणि आपल्या भागातले मालक तिथं नोंदच करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. तुम्ही नक्की करा.

आता इंजिन. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना तक्रार लिहितात त्या कागदावर, सर्विस सेंटरचा ॲडव्हायझर 'इंजिन नॉइज' एवढंच लिहितो. तिथं तुमच्या शब्दांत लिहायला लावा: किती किलोमीटरला आवाज सुरू झाला, पट्टीवर ऑइल किती होतं, ऑइलचा दिवा लागला होता का. त्याची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, चॅसी नंबर देऊन विचारा की रिकॉलमध्ये का नाही आणि वॉरंटी कोणत्या अटीखाली नाकारली. उत्तर आलं तर तो लेखी नकार झाला, नाही आलं तर उत्तर दिलं नाही हेही ग्राहक आयोगापुढे दाखवता येतं.

इंजिन खोलताना हजर राहा आणि व्हिडिओ काढा. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली (टॅपेट कव्हर) काळा चिकट चिखल जमलेला असेल तर ऑइल वेळेवर बदललं नाही असं ते म्हणतील, आणि त्यात तथ्य असेल. पण आतून इंजिन स्वच्छ आहे, बाकी बेअरिंग चकचकीत आहेत, आणि एकाच रॉडचं बेअरिंग जळून क्रँक तिथं निळा पडलाय, असं दिसलं तर माझी शंका ऑइलच्या वाटेवर जाते. ती शंका तज्ज्ञाने तपासावी लागते, पण तपासायला वस्तू हवी. जुनी बेअरिंग, फिल्टर, थोडं ऑइल बाटलीत भरून ताब्यात घ्या. भंगारात गेलं की संपलं.

सर्विस बाहेर केली म्हणून घाबरू नका. केज तालुक्यातले एक शिक्षक माझे गिऱ्हाईक. 'गाडी आवाज करायली' म्हणून आले, वॉरंटी बाकी होती म्हणून मीच त्यांना शोरूमला पाठवलं. तिथं 'बाहेरचं ऑइल' म्हणून नकार. त्यांच्याकडे ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर टाकलेली माझी बिलं होती. ती मेलला जोडून, त्या ऑइलने नेमकं काय बिघडलं ते लेखी विचारल्यावर कंपनी 'गुडविल'वर आली: पार्ट फुकट, मजुरी मालकाची. तुम्हालाही गुडविल देऊ करतील. घ्यायला हरकत नाही, पण 'पुढे कसलीही तक्रार नाही' अशा कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

एवढ्यावर भागलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, आणि मग जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. 2019 च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. 50 लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्ह्यात चालते. गाडी 5 ते 10 लाखांची असेल तर फी 200 रुपये. मुदत दोन वर्षांची, ती सर्विस सेंटरच्या चकरांत घालवू नका. डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. आयोग इंजिन योग्य प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तशी मागणी तक्रारीतच लिहा. मात्र नवी गाडी मिळेल या आशेवर जाऊ नका. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका प्रकरणात पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही, सदोष भाग बदलण्यापुरताच हक्क धरला. तुम्ही इंजिनाचा खर्च, टोचनचा खर्च आणि नुकसानभरपाई मागा. गाडी भाड्याने चालवत असाल तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवता हे स्पष्ट लिहा, नाहीतर व्यावसायिक वापर म्हणून तक्रार उडू शकते.

उत्पादनाचा महिना आणि जॉब कार्डवर सध्या काय लिहिलंय ते कळवा, मेलचा मजकूर मी मराठीत लिहून देतो. तोवर गाडी चालू करून आवाज ऐकवायला सांगितलं तरी स्टार्टर मारू देऊ नका. बेअरिंग गेलेलं इंजिन फिरवलं तर रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग दोष कुठला ते दाखवणं फार अवघड होतं.