दांडीचे बूट आणि ऊसतोडीचा हंगाम

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्या वाडीवरच्या एका बाळाचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले होते. दर आठवड्याला एक अशी सहा प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर मोकळी केली, पाय सरळ झाले. आषाढापासून दांडीचे बूट, म्हणजे एका दांडीनं जोडलेले दोन बूट, आहेत. बाळ रडतं. आजी म्हणते, सुनेनं पोटुशी असताना गिराण (ग्रहण) पाळलं नाही, विळी हातात घेतली म्हणून हे झालं; आता पाय सरळ आहेत तर बेडी कशाला? दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जाणार. सहा महिन्यांनी परततील, तोवर बूट काढून ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही ताई. सहा महिने सोडा, सहा आठवडेसुद्धा नको. प्लास्टरनं पाय सरळ केला, तो सरळ ठेवायचं काम बुटांचं. पाय पुन्हा आत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सुटणं हेच असतं.

पण तुमच्या पत्रात एक चांगली बातमी दडली आहे. 23 तास बूट घालायचे ते पहिले 3 महिनेच. आषाढाच्या सुरुवातीला सुरू केले असतील तर दसऱ्यापर्यंत ते भरतात. निघण्याआधी पाय डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून 12 ते 14 तास, वयाच्या 4-5 वर्षांपर्यंत. बाकी वेळ पाय मोकळे.

प्लास्टरच्या खोलीत माझी 26 वर्षं गेली. एकदा असंच एक मूल दोन वर्षांनी परत आलं, पाय पुन्हा आत. मी आईला फाडफाड बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, पहाटे चारला फडावर जाताना बूट काढायचे का ठेवायचे, हे कुणी सांगितलंच नाही." खरंच नव्हतं सांगितलं. आम्ही तास सांगत होतो. कोपीतलं, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतलं, घड्याळ कसं चालतं ते विचारतच नव्हतो.

म्हणून या आईला स्पष्ट सांगा. संध्याकाळी फडावरून आली की बाळाला पाजून बूट चढवायचे. पहाटे काढायचे नाहीत, झोपलेलं बाळ तसंच उचलून न्यायचं. सकाळी पाजायला बसेल तेव्हा काढायचे आणि दुपारी झोळीत टाकताना पुन्हा घालायचे. झोळी रुंद बांधायची, नाहीतर दांडी कापडात अडकते.

रडण्याचं म्हणाल तर पहिले दोन-तीन दिवस बाळ रडतंच, कारण एकेक पाय वेगळा झाडता येत नाही. दांडी धरून दोन्ही पाय एकदम वर-खाली करून खेळवा, लवकर शिकतं. आता इतक्या महिन्यांनीही रडत असेल तर बूट काढून पाय नीट बघा. आत सुती मोजा हवा. मधला पट्टा आधी आवळायचा आणि टाच तळाला टेकली आहे का ते पाहायचं. थोडी लाली चालते; फोड आला किंवा पाय सारखा निसटत असेल तर दवाखाना गाठा, कदाचित पाय पुन्हा वळायला लागला असेल.

आजींशी वाद घालू नका. एवढंच सांगा, ही प्लास्टरची रीत डॉ. पोन्सेटींनी अमेरिकेत आयोवाला बसवली. तिथं गिराणात कुणी विळी लपवत नाही, तरी अशी बाळं जन्मतातच. बहुतेकांचं कारण सापडत नाही. सुनेचा यात काडीचा दोष नाही.

आता बुटाच्या मापाचं. पहिल्या वर्षी पाय भराभर वाढतो. बोटं पुढच्या कडेबाहेर आली की बूट लहान झाला, म्हणून पुढच्या मापाचा जोड आत्ताच मागून ठेवा. उपचाराचं कार्ड बरोबर द्या. जिथं तोड असेल तिथल्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र विचारायचं. मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमध्येच सुरू झाला. त्यात हा आजार आहे आणि उपचार मोफत आहेत. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण कोपीतलं मूल तेव्हा नेमकं कुठल्याच यादीत नसतं. म्हणून महिन्यातून एकदा तुम्हीच आईला फोन करा, बोटं कुठवर आली ते विचारा.

आणि ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवताना बूट गाठोड्याच्या तळाशी जाऊ देऊ नका. पहिल्याच रात्री लागतील.