दोन मुलांना घेऊन न्यूझीलंडला दीड महिना कॅम्परव्हॅनने फिरणार आहोत, गावी आईबाबा दोघंच आहेत. त्यांच्याशी रोज संपर्क कसा ठेवायचा?

आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत पाच आठवडे साउथ आयलंड फिरलो, लेक नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, आणि मिरजेला आईबाबा दोघंच. म्हणून अगदी मनापासून सांगते, रोज फोन करू असं कबूल करून जाऊ नका, फोन कधी येणार नाही ते आधी सांगून जा.

आमचं तिथेच चुकलं. वनाकाहून हास्ट पास ओलांडून वेस्ट कोस्टला उतरलो तर तासन्‌तास रेंजच नाही, त्यात पाऊस इतका की वाटेत एका साध्या कॅम्पसाइटवर मुक्काम केला, तिथेही काही नाही. आम्हाला वाटलं एका दिवसाचं काय एवढं, पण इकडे आई व्हॉट्सअॅपवर ती एकच टिक बघत रात्रभर जागी. फॉक्स ग्लेशिअरला पोचून फोन लावला तर तिला बोलताच येईना, नुसतं "जेवली का गं पोरं, जेवली का" एवढंच. आजही आठवलं की पोटात कालवतं.

त्याच रात्री पुढचा सगळा मार्ग तारखांसकट भावाला पाठवला आणि त्याने घरी जाऊन भिंतीवरच्या कालनिर्णयवर रेंज नसलेल्या दिवसांना पेन्सिलने गोल केले. 'ते अनाउ' या गावापासून मिलफर्ड साउंडपर्यंत साधारण 120 किमी, गाव सुटलं की फोन गप्प, जाऊन येऊन आख्खा दिवस जातो, तिथे गोल. मग आईच सांगायला लागली, उद्या तुमचा गोल आहे, आज जरा जास्त बोला.

वेळेचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात तिकडचे लोक आपल्या साडेसात तास पुढे असतात. सकाळी आठला आवरून फोन करावासा वाटतो तेव्हा घरी रात्रीचे साडेबारा. आम्ही तिकडच्या रात्री साडेआठला करायचो, घरी दुपारचा एक, बाबा नुकतेच जेवून उठलेले. खाली दक्षिणेकडे तेव्हाही चांगलाच उजेड असतो, मुलं कॅमेरा फिरवून आभाळ दाखवायची आणि बाबा रोज विचारायचे, अरे अजून दिवस मावळला नाही का? तुमची ट्रिप एप्रिलमध्ये जात असेल तर पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेवढं घरी सांगून ठेवा.

छोट्या गावातल्या लायब्रऱ्यांमध्ये फ्री वायफाय मिळतं, खूप उपयोग झाला. नेट कमी असेल तर व्हिडिओच्या मागे लागू नका, मुलांचा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवा, आई तो दिवसातून चार वेळा ऐकायची, शेजारच्या काकूंनाही ऐकवायची. भारतातलं सिम फोनमध्येच ठेवा, निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या म्हणजे बँकेचे ओटीपी येतात, फक्त डेटा रोमिंग बंद ठेवा, नेटला तिकडचं सिम.

आणि एक, घरच्यांकडून शब्द घ्या की ते काही लपवणार नाहीत. बाबा बाथरूममध्ये घसरून पडले होते, हे आम्हाला परत आल्यावर कळलं, का तर "तुमची मजा कशाला घालवायची". मनगटाला प्लास्टर होतं, म्हणून कॉलवर हात खालीच ठेवून बसायचे. तुम्ही निघायच्या आधीच एका शेजाऱ्यांचा आणि घरच्या डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यांनाच सांगा, काही झालं तर मला रात्री-अपरात्री उठवा.