"पगार सुरू झाला की निराधारचे पैसे बंद पडतील ना?"

हा प्रश्न ऐकला नाही असा आठवडा जात नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला, शेंद्र्याला, जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये निवृत्त मंडळी एक चांगलं काम करतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं, कुणी शाळेतून, कुणी एसटीतून. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या दीड हजार अनुदानावर घर चालवणाऱ्या एकेका बाईला ते पहिल्या पगारी नोकरीपर्यंत सोबत करतात. अडलं की दोघं आमच्याकडं समुपदेशनाला येतात. बाई म्हणते, "बंद पडले तर?" सोबती म्हणतात, "दीड हजारासाठी कुणी नोकरी नाकारतं का?" खाली दिलेली जोडी अशा अनेक जोड्यांमधून उभी केली आहे. ओळखीच्या खुणा पुसल्या आहेत.

ती तिशीतली, नवरा गेलेला, दोन मुलं. मूळची बीडकडची, आता वाळूजजवळच्या रांजणगावला भाड्याच्या खोलीत. निराधारचे १,५०० आणि दोन घरच्या धुणीभांड्यांचे ३,०००. ते बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. तिच्यासाठी पॅकिंगमध्ये हेल्परची जागा त्यांनीच शोधली होती, पगार १३,०००. तिनं दोनदा मुलाखतीची तारीख चुकवली. पहिल्या बैठकीला ते हिशेबाचा कागद घेऊनच आले.

"१३,००० मधून पीएफ १२ टक्के, १,५६०. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, ९८. बाईमाणसाला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. हातात ११,३४२. ताई, एवढं सोडून तुम्ही १,५०० धरून बसलात!"

ती "हो साहेब" म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. असा "हो" आला की समजावं, माणूस खोलीत आहे पण संभाषणातून उठून गेलं आहे.

कागद तिच्याकडे सरकवला आणि यात काय राहिलं ते विचारलं. तिनं न अडखळता सांगितलं. शेअर रिक्षा जाऊन-येऊन ४०, २६ दिवसांचे १,०४०. धुणीभांडी सुटणार, ते ३,०००. निराधारचे १,५००. आणि रेशन. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे तिघांचं १५ किलो धान्य येतं. ग्रामीण भागात त्या कार्डाला वर्षाच्या ४४,००० उत्पन्नाची मर्यादा आहे. १३,००० पगाराची बाई ती चौथ्या महिन्यातच ओलांडते. ते धान्य दुकानातून घ्यायचं तर पाच-सहाशे धरा. सगळं वजा जाता खरी वाढ उरते पाच हजारांच्या थोडी वर. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाचा हिशेब ११,३४२ वर थांबला होता, तिचा शेवटपर्यंत गेला होता. तिला गणित समजावून सांगायची गरजच नव्हती.

पण पाच हजारही थोडे नाहीत. मग अडतंय कुठं? "ते पंधराशे सुरू कसे झाले होते?" एवढंच विचारलं.

ती बोटांवर मोजू लागली. मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याच्या नावाची वेलांटी चुकलेली, त्यासाठी तीन खेटे. तलाठी, मग सेतू केंद्र. उत्पन्नाचा दाखला काढला, तोवर रहिवासाच्या कागदात खोट निघाली. गंगापूरला तहसीलमध्ये अर्ज, समितीची बैठक पुढं गेली. बँकेत आधार जोडलेलं नव्हतं. अकरा खेटे, दर खेपेला एक रोज बुडाला. "आता मपल्या हातानं बंद करू, आन् सहा महिन्यांनी ठेकेदारानं काढलं, तर ते अकरा खेटे परत कोण घालणार? लेकरं तवा लहान होती, कडेवर नेली. आता शाळा बुडवून नेऊ का?"

साहेब बराच वेळ गप्प होते. मग स्वतःच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "मला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत आहे म्हणून. मागच्या वेळी मशीनवर अंगठाच उमटेना. घासलाय म्हणे. ज्या बँकेत मी लोकांना सही जुळत नाही म्हणून परत पाठवायचो, तिथं मी दोन तास बाकड्यावर बसलो."

तिनं मान वर केली. "माझा बी नाही उमटत, रेशनच्या मशीनवर." आणि भांडी घासून गुळगुळीत झालेला अंगठा टेबलावर ठेवला. दोघांचे अंगठे शेजारी शेजारी. ती पहिल्यांदा हसली.

त्या क्षणी त्यांना काही शिकवायला जायचं नसतं, गप्प बसायचं असतं. तेवढं आम्ही केलं.

बाईला पैसे जाण्याची भीती आहे असं सगळे धरून चालतात. भीती असते ती परत रांगेत शेवटी उभं राहण्याची. अडून बसणाऱ्या माणसाच्या अडण्यात नेहमी काहीतरी माहिती दडलेली असते, या मताचे आम्ही आहोत. म्हणून 'आळशी', 'इच्छा नाही' हे शेरे आमच्या नोंदवहीत चालत नाहीत. "स्वतःच्या पायावर उभ्या राहा" हे भाषणही चालत नाही. अकरा खेटे घातलेली बाई कुणाच्या पायावर उभी होती?

भीती परतीच्या रस्त्याची असेल तर काम रस्त्याचंच करावं लागतं. साहेबांनी एक फाईल केली. मृत्यूचा दाखला, रहिवास, रेशन कार्ड, आधार, पासबुक, मंजुरीचं पत्र, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, आणि वरती एक पान: कुठला कागद कुठल्या टेबलावर, किती दिवसांत मिळाला. पुन्हा अर्जाची वेळ आलीच तर अकराचे तीन-चार खेटे व्हावेत एवढाच हेतू. मग दोघं एकदा तहसीलला गेले. निराधारची अट वर्षाच्या २१,००० कुटुंब-उत्पन्नाची आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. कुठलाही पूर्ण पगार त्याच्या वर जातो, त्यामुळे अनुदान राहील असं खोटं आश्वासन देऊ नये. पगार लपवायचा सल्ला वस्तीत हमखास मिळतो, तोही ऐकू नये. पगार बँकेतून येतो, पीएफ आधारला जोडलेला असतो, आणि पुढं वसुलीची नोटीस आली तर ती बाईच्या नावानं येते, सल्लागाराच्या नाही. नोकरी लागल्याचं लेखी कळवावं, अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यावा, आणि ती प्रत फाईलमध्ये सर्वांत वर लावावी. लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे निराधार सुटल्यावर त्या अटीत बाई बसू शकते. पण अटीत बसणं वेगळं आणि नोंदणी चालू असणं वेगळं. आधी सेतूवर विचारा, मग तिला सांगा.

रुजू होण्याआधी नावं तपासा. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, पॅनवर तिसरंच स्पेलिंग असं फार दिसतं. मग पीएफचा खाते क्रमांक (यूएएन) अडतो आणि पगारही लटकतो.

सगळ्यात जास्त बाया गळतात त्या तिसऱ्या आठवड्यात. कारण साधं आहे. १२ तारखेला रुजू झाली तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ किंवा १० तारखेला, तोही १९ दिवसांचाच. धुणीभांडी बंद झालेली असतात, रिक्षा मात्र रोज ४० मागते. ठेकेदाराकडून उचल घेतली की पहिला पगार अर्धाच हातात येतो. म्हणून शेवटच्या धुण्याभांड्यांच्या पैशातले हजार रुपये रिक्षासाठी वेगळ्या डब्यात, किराणावाल्याशी महिन्याच्या उधारीचं आधीच बोलणं, आणि कमी पडलं तर बचत गट. सोबत्यानं स्वतः उसने देऊ नयेत. पाचशे दिले की बाई फोन उचलायचं बंद करते, हे ठरलेलं.

फोनवरून आठवलं. साहेब सकाळी दहाला फोन करायचे. पहिली पाळी सातला लागते आणि फोन गेटवर जमा असतात. संध्याकाळी फोनवर सहा मिस्ड कॉल बघून तिला वाटायचं, काहीतरी चुकलं. आता बुधवारी संध्याकाळी पाचला, दहा मिनिटं. आणि सुपरवायझरला फोन कधीच नाही. त्यांनी एकदा "आमच्या ताईंकडं लक्ष द्या" म्हणून केला होता, तर लाईनवर तिला आठवडाभर "साहेबांची ताई" म्हणत होते.

पहिली पगारपावती तिनंच आणून दाखवली. "ईएसआय पाऊण टक्का म्हणता ना साहेब? मग १३,००० वर साडेसत्त्याण्णव होतात. हितं ९८ का?" साहेबांनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाले, विचारून सांगतो. बुधवारी त्यांनी सांगितलं: कामगाराचा हिस्सा वरच्या पूर्ण रुपयात धरतात. ती म्हणाली, ते कंपनीच्या ऑफिसात मी कालच विचारलं.