सबनॉटिका या पाण्याखालच्या गेममध्ये सुरुवातीलाच ऑक्सिजन संपतो, आधी काय बनवू?

आधी ऑक्सिजन टाकी, बाकी सगळं नंतर. नुसत्या श्वासावर 45 सेकंद मिळतात, साध्या टाकीने ते 75 होतात. हा फरक खूप मोठा आहे. टाकीला फक्त टायटॅनियम लागतं: लाइफपॉडखालच्या (जिथून खेळ सुरू होतो त्या बचाव-यानाखालच्या) उथळ पाण्यात चुनखडीचे गोळे फोडा आणि तळाशी पडलेलं भंगार उचला. भंगाराच्या एका तुकड्यातून चार टायटॅनियम निघतात, म्हणून दिसलं की सोडू नका.

मग स्कॅनर, म्हणजे तुटके भाग तपासून ती वस्तू कशी बनवायची ते शिकवणारं उपकरण. त्याच्या बॅटरीसाठी तांबं आणि अ‍ॅसिड मशरूम लागतात, दोन्ही जवळच मिळतात. स्कॅनर हातात आला की सीग्लाइडचे (हातात धरून वेगाने पोहायच्या यंत्राचे) तुटके भाग शोधून स्कॅन करा. सीग्लाइड मिळाल्यावर हा गेम खऱ्या अर्थाने उघडतो, पोहण्यातला निम्मा वेळ वाचतो.

तहानेसाठी ब्लॅडरफिश पकडा, फॅब्रिकेटरमध्ये (वस्तू बनवायच्या यंत्रात) त्याचं पिण्याचं पाणी होतं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: रीब्रीदर (खोल पाण्यात हवा वाचवणारा मुखवटा) नसेल तर 100 मीटरच्या खाली ऑक्सिजन जास्त वेगाने संपतो. तेव्हा आकड्यावर विसंबू नका, अर्धी टाकी संपली की वर वळा. आणि गुहेत शिरताना मागे वळून वाट नीट बघून ठेवा, कारण छताखाली वाट चुकली की बुडायला वेळ लागत नाही.