काहिलीवरची मळी, खंडेनवमीचा प्रसाद आणि इतर प्रश्न

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) तरुण संघांत काम करणाऱ्यांची आणि संघात येणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त होती. त्यातली सहा इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, उत्तरं मात्र जिथे लांबायला हवी होती तिथे लांबली आहेत.

रविवारी संध्याकाळी तरुण संघात मनन, म्हणजे वचनावरचं छोटं भाषण, माझ्याकडे असतं. पाळकसाहेब म्हणतात, रोजच्या जगण्यातली उदाहरणं घे. मागच्या वेळी गुऱ्हाळाचं उदाहरण घेतलं : रस तापला की मळी वर येते, तसं देव संकटातून आपल्याला शुद्ध करतो. मुलं ऐकत होती, पण एक मुलगी मध्येच उठून गेली. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील वारले आहेत. माझं काय चुकलं? – कसबा बावडा

उदाहरण चांगलं होतं. तुम्ही ते अर्धवट पाहिलंत.

गुऱ्हाळावर नीट उभं राहून बघा. काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, रस ओतला की गुळव्या लगेच जाळ वाढवत नाही. भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी रसात घालतो आणि बेताच्या आचेवर मळी वर येऊ देतो. वर आलेली मळी झाऱ्याने पुन्हा पुन्हा काढून टाकतो. रसाला जोराची उकळी फुटायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर मळी परत रसात मिसळते आणि गूळ काळपट पडतो. म्हणजे रस साफ होतो तो नुसत्या जाळाने नाही. भेंडी लागते, झारा लागतो आणि काहिलीपासून न हलणारा माणूस लागतो. एकटा जाळ रस करपवतो. ‘संकट माणसाला शुद्ध करतं’ हे वाक्य गुऱ्हाळातसुद्धा खरं नाही, मग बाप गेलेल्या मुलीला ते कसं खरं वाटावं?

आता पवित्र शास्त्रातल्या वचनाकडे या. मलाखी ३:३ मध्ये रुपे गाळणारा ‘बसतो’. तोही जागा सोडत नाही, आणि उदाहरणाचा जीव तिथेच आहे. शिवाय तो शुद्ध करतो कोणाला? लेवीच्या वंशजांना, म्हणजे उपासना चालवणाऱ्यांना. मुलांना लावायच्या आधी हे वचन माइक हातात असलेल्याला लागतं. ते तसं मांडलं असतंत तर ती मुलगी उठली नसती.

तिच्या घरी जा. मंडळीतल्या एखाद्या मावशींना बरोबर घ्या. समजावत बसू नका. “रविवारी मी बोललो ते तुला लागलं. माझं चुकलं,” एवढं पुरे. पुढे ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर चहा घ्या आणि निघा.

मननाची तयारी उदाहरणापासून करू नका, त्याने असंच होतं. सोमवारी वचन ठरवा आणि त्याच्या आधीचा व नंतरचा अध्याय वाचा. ते कोणाला उद्देशून आहे, हे एका ओळीत लिहा. उदाहरण बुधवारनंतर शोधा, आणि ज्या धंद्यातलं असेल त्या धंद्यातल्या माणसाला विचारून खात्री करा, कारण संघात त्याचाच मुलगा बसलेला असतो. शनिवारी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. सात मिनिटांना साधारण सातशे शब्द लागतात. त्यात उदाहरण पावभागापेक्षा जास्त नको. नवखे लोक पाच मिनिटं यंत्र समजावतात आणि वचन शेवटी घाईघाईने चिकटवतात.

उद्यमनगरातल्या मुलांना कळेल असं एक देतो. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजण्याआधी व्हर्नियर या मापाच्या हत्याराचे जबडे मिटवून शून्य जुळतंय का ते बघतात. ते दोन दशांश मिलीमीटरने सरकलेलं असेल तर पुढचं प्रत्येक माप तेवढंच चुकतं, आणि दोष जॉबचा वाटतो. मत्तय ७:३-५ मधलं कुसळ-मुसळ यासाठी चार वाक्यांत होतं. शेवटी मंगळवारपर्यंत करता येईल असं एक काम द्या : ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याशी बोलण्याआधी त्या भांडणातली स्वतःची एक चूक कागदावर लिहा. ‘प्रेमाने वागा’ हे काम नव्हे, ते केलं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

आणि लांबवू नका. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा खिडकीत बसलेला तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०:९). पौलाने त्याला उठवलं. आपल्याला ते जमेलच असं नाही.

मी शिरोलीला फौंड्रीत आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, मग आरती, मग प्रसाद. गेल्या वर्षी पोट बिघडल्याचं सांगून घरी राहिलो. या वर्षी काय करू? – उचगाव

खोटं बोलून राहिलात, त्यापेक्षा पेढा खाल्ला असता तर कमी बिघडलं असतं. हे पहिलं.

दुसरं, तो दिवस एकच गोष्ट नाही. त्यात सफाई आहे, सजावट आहे, आरती आहे, प्रसाद आहे आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला चहा आहे. हे वेगळं करून बघा. मशीन घासणं, बेड पुसून तेल देणं, धातूच्या चिप्स काढणं ही कामं दुप्पट मन लावून करा. हार ओवायलाही बहुतेकांच्या विवेकाला अडचण नसते. आरतीत भाग घेणं ही उपासना आहे. तिथे मागे, शांत, चप्पल काढून उभं राहता येतं. मोबाइल बघत उभं राहू नका, तो अपमान होतो.

प्रसादाबद्दल पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं ते दोन्ही बाजूंचं आहे आणि लोक आपल्या सोयीची बाजू उचलतात. १ करिंथकर ८ म्हणतं की मूर्ती काही नाही, पण ज्याचा विवेक दुबळा आहे त्याला तुमच्या खाण्याने ठेच लागू नये. १०:२५-२७ म्हणतं की बाजारात विकतात ते विचारपूस न करता खा, जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. १०:२८ म्हणतं की ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. कारखान्यात ते उघड असतं, म्हणून बरेच जण नाकारतात. काही जण घेतात आणि बाजूला ठेवतात. घेतल्यावर आठवडाभर मन खात असेल तर तुमच्यासाठी उत्तर ‘नको’ आहे, रोमकर १४:२३ वाचा. पण शेजारच्या मशीनवरच्या ख्रिस्ती भावाने घेतला म्हणून त्याचा न्याय करू नका. तेही त्याच अध्यायात आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वेळेमुळे. हातात ताट आल्यावर नाही म्हटलं की सगळ्यांसमोर तमाशा होतो. आठ दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, एकट्याने जाऊन सांगा : “मालक, नवमीला माझी मशीन मीच घासून सजवतो. आरतीला मागे उभा राहीन. प्रसाद तेवढा मला देऊ नका, राग मानू नका. चहा सगळ्यांबरोबर घेतो.” बहुतेक मालक एवढंच म्हणतात, “अरे, आधी सांगायचंस.” आपल्या घरून नाताळच्या करंज्यांचा डबा गेला की हेच लोक न विचारता खातात, हेही ध्यानात असू द्या.

मी नर्स आहे. ड्यूटी दर आठवड्याला बदलते. दर १ जानेवारीला पवित्र शास्त्र पूर्ण वाचायचं ठरवते आणि महिन्याभरात सुटतं. पहाटे उठणं जमत नाही, त्याचा अपराधीपणा वेगळाच. – राजारामपुरी

सुटतं ते हिशोबामुळे. पूर्ण शास्त्राचे ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनच्या वर. रोज तीन धरले तर उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय ३० जानेवारीला संपतात आणि ३१ ला लेवीय सुरू होतं. होमबली, अन्नबली, चरबी, गुरदे. नाइट करून आल्यावर ते कोणाला झेपणार?

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. १६ अध्याय आहेत. आठवड्याला चार, म्हणजे चार आठवडे. उरलेले तीन दिवस मोकळे. त्यात राहिलेलं वाचा किंवा एखादं स्तोत्र. चौदावा अध्याय ७२ वचनांचा आहे, तो दोन दिवसांत करा. वाचून झाल्यावर वहीत एकच ओळ लिहा : येशूने इथे काय केलं? ‘मला काय वाटलं’ ते नंतर. आठवडा चुकला तर थकबाकी पुढे ओढू नका, आजच्या तारखेचं वाचा.

वेळ घड्याळाला बांधू नका, ड्यूटी बदलली की ती तुटते. न बदलणाऱ्या गोष्टीला बांधा : घरी आल्यावरचा पहिला चहा किंवा वेणी सोडतानाची पाच मिनिटं. छापील शुभवर्तमान पर्समध्ये ठेवा. मोबाइलवर वाचलं तर तिसऱ्या वचनाला वॉर्डच्या ग्रुपचा मेसेज येतो.

पहाटेबद्दल : मार्क १:३५ सगळे सांगतात, येशू पहाटे उठून प्रार्थनेला गेला ते. पौल आणि सीला मध्यरात्री प्रार्थना करत होते, तेही तुरुंगात (प्रेषितांची कृत्ये १६:२५). नाइटवालीला ते वचन जवळचं आहे.

संघातल्या मुलामुलींना माझ्याशी बोलावंसं वाटतं. “ताई, कोणाला सांगू नका” असं म्हणून सुरुवात करतात. वचन देऊ का? – नागाळा पार्क

नाही. ऐकण्याआधीच सांगा : “तुझी गोष्ट मी गावभर करणार नाही. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल तर ज्यांची मदत लागेल त्यांना सांगावंच लागेल, आणि ते तुला आधी सांगून.” काही मुलं तिथेच थांबतात. ती चार दिवसांनी परत येतात, कारण तुम्ही खोटं वचन दिलेलं नसतं.

अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही आणि मंडळीच्या वडिलांनाही, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनाही. पाळकांनी ‘आत मिटवू’ म्हटलं तरी. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळ टाकून, त्याच दिवशी लिहून ठेवा. स्वतः चौकशी करत बसू नका. खोदून विचारलेले प्रश्न पुढे तपासात अडचण करतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. जीव द्यायच्या गोष्टी निघाल्या तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेशी बोलता येतं, पण तोवर त्या मुलाला एकटं सोडू नका.

इथे कोणीतरी हमखास मत्तय १८:१५ काढतं : आधी एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव. ते वचन भावाभावांतल्या अपराधासाठी आहे. लेकराला अत्याचार करणाऱ्याच्या समोर एकटं पाठवण्यासाठी नाही. त्याच अध्यायाचं सहावं वचन वाचून दाखवा : लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, ते.

बोलणं नेहमी दिसेल अशा जागी करा. उपासनेनंतर मंदिराचा कोपरा, दार उघडं, दुसरी ताई नजरेच्या टप्प्यात. गाडीवर एकटं सोडायला जाणं, रात्री अकरानंतर मेसेज, हे दोन्ही बंद.

नाताळच्या कॅरल फेरीचे (घरोघरी गीतं म्हणत फिरण्याचे) पैसे आता क्यूआर कोडवर येतात. कोड आमच्या खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा आहे. मुलगा प्रामाणिक आहे. तरी कुजबुज सुरू आहे. – कागल

मुलगा प्रामाणिक आहे म्हणूनच कोड बदला. त्याच्या खात्यात पगार, मोबाइल रिचार्ज आणि देवाचे पैसे एकत्र पडतात, आणि सहा महिन्यांनी तोच सिद्ध करू शकत नाही. पौलाने यरुशलेमेच्या मदतीचे पैसे पाठवताना मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर दिला, कोणी ठपका ठेवू नये म्हणून (२ करिंथकर ८:१९-२१). पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून नव्हे.

मंडळीच्या खात्याचा कोड वापरा. रोख रक्कम त्याच रात्री, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायची, नोटा-नाण्यांची फोड लिहायची, दोघांच्या सह्या. पुढच्या बँकेच्या दिवशी भरणा. फेरीतला चहा-वडापाव डब्यातून परस्पर देऊ नका. पूर्ण रक्कम जमा करून मग खर्चाची पावती लावा. कुजबुज बहुतेक त्या वडापावापासूनच सुरू होते. हिशोब पुनरुत्थानाच्या सणाची (ईस्टरची) वाट न पाहता जानेवारीच्या पहिल्या रविवारी फळ्यावर लावा.

मुलांना गिटार आणि नवी गीतं हवीत, वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली जुनी गीतं. दर रविवारी तोंडं फुगलेली. – शाहूपुरी

ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, तेही एके काळी नवंच होतं. खरं भांडण बहुतेक वेळा पट्टीचं असतं. गिटारवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि मंडळी अंतऱ्याला गप्प होते. शनिवारी गीताची सगळ्यात उंच ओळ आधी म्हणून बघा. मागच्या बाकावरच्या आजींना ती झेपत नसेल तर पट्टी दोन सूर खाली घ्या. नवं गीत महिन्याला एकच, आणि तेच चारही रविवारी. पहिल्या रविवारी फक्त संघाने म्हणायचं, दुसऱ्यापासून सगळ्यांनी. जुन्या गीतांना गिटार चालते, फक्त ठेका तबल्याकडे राहू द्या.