कपाट भरलेलं, तरी सकाळी घालायला काही नाही

रत्नागिरीजवळच्या गावातून रोज स्कूटरने शहरात कामाला जाणाऱ्या एक ताई ऐन जुलैत आमच्याकडे कपड्यांबद्दल सल्ला घ्यायला आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तक्रार ऐकायला किरकोळ होती. "कपाटाचं दार लागत नाही इतके कपडे आहेत, तरी सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर उभी असते. शेवटी तेच दोन कुर्ते. मग दिवसभर स्वतःवरच चिडचिड." सासूबाईंच्या मते हा कपड्यांचा सोस, नवऱ्याच्या मते आणखी चार घेतले की प्रश्न मिटला. दोघांचंही चुकत होतं.

ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देत येतात: मला शिस्त नाही, मी उधळी आहे. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही स्वभावाचा विषयच काढत नाही, मोजायला सांगतो. एका वहीत चार रकाने आखायचे: वरचं, खालचं, ओढणी, आणि आज अंगाला येतं का. 'पूर्वी यायचं' आणि 'बारीक झाल्यावर येईल' यांना चौथ्या रकान्यात जागा नाही.

पुढच्या आठवड्यात वही आली. कुर्ते ३१. सलवारी, लेगिंग, पँट मिळून ११. त्यांतल्या चार कमरेला घट्ट, दोनांचं इलॅस्टिक गेलेलं. उरल्या पाच. पैकी तीन फुलाफुलांच्या, फक्त आपापल्या कुर्त्यावरच जाणाऱ्या. म्हणजे कशावरही चालतील अशा दोनच. 'तेच दोन कुर्ते' कुठून आले ते इथे उलगडलं. कुर्ता दिसतो, आवडतो, सेलमध्ये मिळतो; सलवार 'घरात आहे की' म्हणून राहून जाते. एकतिसाचे चाळीस कुर्ते केले असते तरी सकाळ तशीच गेली असती.

ताईंनी कुर्ता एकही घेतला नाही. काळी, मोतिया आणि गडद निळी अशा तीन सरळ पँट घेतल्या, घोट्याच्या दोन बोटं वर संपणाऱ्या. पावसात पायघोळ पलाझो चिखल टिपून घेतो आणि स्कूटरवर धोक्याचाही असतो. दुकानात जाताना अट एकच: घरातल्या किमान पाच कुर्त्यांवर जाणार असेल तरच पैसे काढायचे.

साड्यांचंही तेच. साड्या २६ आणि बसणारे ब्लाउज सहा. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती आहे ते आधी उलटून बघा. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या तुकड्यांत अर्धा अर्धा इंच सोडवता आला तर घेर दोन इंचांनी वाढतो. सुती ब्लाउजचं हे काम कोपऱ्यावरचा शिंपी सहज करतो. रेशमी ब्लाउजवर मात्र जुन्या टाक्यांची रेघ दिसत राहते. ती काखेखाली झाकली जाणार असेल तरच उसवावं. माया नसेल तर काळा, मरून आणि मोतिया असे तीन साधे टू-बाय-टूचे (ब्लाउजच्या सुती कापडाचे) ब्लाउज शिवून घेतले की निम्म्याहून जास्त साड्या नेसता येतात.

आता पावसाचं गणित, जे मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत नसतं. मे महिन्यात सकाळी वाळत घातलेला कुर्ता संध्याकाळी घडी होतो, चार जोड पुरतात. जुलैत एक दिवस अंगावर, तीन दिवस पडवीतल्या दांडीवर, एक दिवस इस्त्रीत, आणि मध्येच एखादा लाल चिखलाने गेला म्हणून वरकड दोन. सात जोड लागतातच, आणि तेही लवकर वाळणारे: क्रेप, जॉर्जेट, पातळ सुती. जीन्स आणि जाड खादी गणपतीपर्यंत मागे. रेयॉन दुकानात छान पडतो, पण भिजला की जड होतो, ओला असताना कमकुवत असतो आणि पिळताना शिवणीत उसवतो. लाल मातीचा डाग ओला असताना चोळू नये; सुकू द्यावा, ब्रशने झाडावा, मग साबण. ब्लीच तर नकोच. त्या मातीत लोह असतं, ब्लीचने डाग आणखी पक्का बसतो.

'वर्षभर घातलं नाही ते काढून टाका' हा नियम आम्ही इथे देत नाही. कोकणात निम्मे चांगले कपडे गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यातल्या लग्नांतच बाहेर निघतात. त्याऐवजी विचारतो: गेल्या दोन गणपतींत हे काढलं होतं का? नसेल तर का नाही? ताईंच्या उत्तरांत एक गठ्ठा वेगळा निघाला, मुलगा होण्याआधीचे कपडे. ते टाकायला आम्ही सांगितलं नाही. फक्त रोजच्या खणातून हलवायला सांगितलं, कारण रोज सकाळी पहिला हात त्यांनाच लागत होता आणि पहिला टोमणाही तेच मारत होते. डोळ्यांच्या उंचीच्या खणात आता फक्त सात जोड, कुर्ता-पँट-ओढणी एकत्र घडी करून. निवड रविवारी दुपारी होते, सकाळी नाही.

तो गठ्ठा मात्र लगेच माळ्यावर गेला नाही. जुलैत बांधलेलं गाठोडं दसऱ्याला बुरशीसकटच उघडतं. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाळवून, मगच जुन्या सुती धोतरात बांधायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आतली ओल आतच राहते. खळ घातलेलं काहीही खळ काढल्याशिवाय ठेवू नये, कसर त्यालाच लागते. चिऱ्याच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या, कपाट टेकवू नये. चार बोटं वारा खेळू द्यावा. लोखंडी कपाटाचा रंग जिथे उडालाय तिथे कागद घालावा, नाहीतर गंजाचा डाग नेमका पांढऱ्यावर येतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकाच खणात ठेवू नयेत. दोन्ही मिळून पाझरतात आणि कपड्यावर तेलकट डाग पडतो.

दिवाळीनंतर ताई पुन्हा आल्या तेव्हा अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली होती. अडलं होतं एकाच ठिकाणी. आईची जरीची साडी: नेसवत नाही आणि देववतही नाही. तिच्यासाठी वरचा खण मोकळा केला. मलमलमध्ये गुंडाळायची, डांबराची गोळी जरीला टेकू द्यायची नाही, आणि दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची, कारण रेशीम घडीवरच चिरतं.