जाब युद्ध चालू असतानाच विचारावा लागतो

तुमचे प्रश्न दोन आहेत. लोकांना नको असलेले युद्ध रेटणाऱ्या नेत्यांना जाबदार कसे धरायचे, आणि माघारीची तारीख जाहीर करणे म्हणजे शत्रूला मोकळे रान देणे आहे का?

पहिल्याबद्दल माझे मत ठाम आहे. युद्ध संपल्यावरची चौकशी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. इराक युद्धासाठी ब्रिटनने २००९ मध्ये चिलकॉट समिती नेमली, तिचा अहवाल आला जुलै २०१६ मध्ये. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना 'काहीही झाले तरी मी तुमच्यासोबत असेन' असे लिहून दिले होते, ते त्यात छापले आहे. सद्दामनंतर काय करायचे याची तयारी अगदीच अपुरी होती, हेही आहे. पण तोवर १७९ ब्रिटिश सैनिक आणि असंख्य इराकी गेले होते, आणि ब्लेअर पदावरून उतरून नऊ वर्षे झाली होती. आपला मुलगा कशापायी गेला हे लंडनमध्ये त्या सकाळी बारा खंडांत शोधत बसलेल्या आईबापांचा विचार आला की आजही पोटात तुटते.

खरी चावी तिजोरीची. व्हिएतनाममध्ये लढायची मोकळीक अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांना देणारा ठराव ऑगस्ट १९६४ मध्ये प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी झाला. विरोध करणारे ते दोघे, मोर्स आणि ग्रुनिंग, १९६८ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. जनतेचा राग कधीकधी असा भलत्यावरच निघतो. १९७१ मध्ये ठराव रद्द झाला, तरी युद्ध चालूच राहिले. कंबोडियावरचे बॉम्बहल्ले थांबले ते १९७३ मध्ये, १५ ऑगस्टनंतर लढाईला पैसाच मिळणार नाही असा कायदा झाल्यावर.

आता तारखेचे. २००८ च्या अमेरिका-इराक करारात तारखा उघड होत्या: शहरांतून ३० जून २००९, देशातून ३१ डिसेंबर २०११. शेवटचा ताफा १८ डिसेंबरला कुवेतमध्ये पोचला, कुठे पळापळ नाही. याउलट बगराम, अफगाणिस्तानातला अमेरिकेचा मोठा हवाई तळ. जुलै २०२१ मध्ये अमेरिकन रात्रीतून निघाले, वीज बंद झाली, आणि तळाच्या नव्या अफगाण प्रमुखाच्याच सांगण्यानुसार त्यांना हे दोन तासांहून अधिक उशिरा कळले. तोवर लुटारू आत शिरले होते. म्हणजे घात तारखेने नाही, आपल्याच सोबत्याला अंधारात ठेवल्याने होतो.

शिवाय मागे राहणाऱ्यांची रसद. सोव्हिएत सैन्य फेब्रुवारी १९८९ मध्ये अफगाणिस्तानातून गेले, पण मॉस्कोची मदत येत होती म्हणून मागे राहिलेले अफगाण अध्यक्ष नजीबुल्लांचे सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकले. २०२१ मध्ये अमेरिकेचे शेवटचे विमान उडायच्या आधीच काबूल पडले.

म्हणून माघारीचा आराखडा सभागृहात मांडला जाईल तेव्हा तारखेवर भांडण्यात वेळ घालवू नका. आपल्यासाठी काम केलेल्या दुभाष्यांची यादी कोणाकडे आहे आणि त्यांचे व्हिसा कधी निघणार, हे त्या नेत्याला उभे करून विचारा. काबूलच्या विमानतळाबाहेर गटारात उभी असलेली माणसे हेच कागद उंच धरून दाखवत होती.